व्हीएमचं नेटवर्क: नॅट की ब्रिज्ड?

व्हीएममध्ये (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) इंटरनेट चालतं, पण होस्टवरून, म्हणजे मूळ संगणकावरून, एसएसएच (दुसऱ्या यंत्रात दुरून शिरायची सोय) लागत नाही. नॅटच (व्हीएम होस्टच्या आडून नेटवर्क वापरतं) ठेवू की ब्रिज्ड (व्हीएम थेट नेटवर्कला जोडलं जातं) करू, असा प्रश्न आला.

नॅटला मेहनत जवळपास शून्य. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते आधीपासूनच निवडलेलं असतं, पत्ता बहुधा १०.०.२.१५. बाहेर जाता येतं, आत येता येत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या एका पोर्टवर आलेली जोडणी व्हीएमकडे वळवणं) लागतं. तुमचं घोडं इथंच अडलंय.

ब्रिज्डमध्ये व्हीएम थेट राउटरकडून पत्ता घेतं, इतर यंत्रांनाही दिसतं. पण बिघाडाच्या जागा वाढतात: चुकीचं अडॅप्टर, ब्रिजिंगला न जुमानणारं वाय-फाय, अनोळखी मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळख क्रमांक) अडवणारं ऑफिसचं नेटवर्क. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर डीएचसीपीचं (पत्ते वाटणारी सोय) उत्तरच आलेलं नाही; डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) उगाच तपासत बसू नका.

एसएसएचपुरतं हवं असेल तर नॅट आणि एक पोर्ट पुरे. व्हीएमवरचा सर्व्हर इतरांनीही वापरायचा असेल तर ब्रिज्ड, तेही शक्यतो केबल लावून.