जुनी सागवानी खुर्ची की त्याच घाटाची नवी?

घोडबंदर रोड किंवा ऐरोलीच्या फ्लॅटसाठी मिड-सेंच्युरी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या घाटाची गादीवाली खुर्ची हवी असेल, तर मुंबईत ओशिवरा किंवा चोर बाजारातली जुनी आणून दुरुस्त करायची, नाहीतर नवी घ्यायची. बहुतेक जण आधी कापड बघतात. जुन्या खुर्चीचं कापड आणि फोम तसेही बदलावे लागतात, त्यामुळे बघायचा तो सांगाडा.

या घाटाचं सौंदर्य बारीक लाकडात आहे. डॅनिश डिझायनर फिन यूल यांच्या 1945 च्या खुर्चीत बैठक चौकटीपासून अलगद उचललेली दिसते. भार मोजक्या सांध्यांवर येतो, त्यातही सर्वात जास्त मागचा पाय आणि बाजूची पट्टी जिथे मिळतात तिथे. पाठ धरून खुर्ची तिरकी दाबा. करकरली आणि तिथली केसाएवढी फट उघडझाप करू लागली, तर सांधा सुटलाय.

जुन्या खुर्चीत हा दोष निघतो. तिचे सांधे बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाने चिकटवलेले असतात. दमट हवेत सरस ढिला पडतो, पण म्हणूनच गरम पाण्याने सांधा उकलताही येतो. जुना सरस खरवडून काढायचा, फेव्हिकॉल लावायचा आणि 24 तास क्लॅम्पमध्ये आवळून ठेवायचं. सरसाच्या थरावरच फेव्हिकॉल ओतला तर तो लाकडात मुरत नाही, खुर्ची पुन्हा हलते. सुताराला खिळे मारू देऊ नका, आतलं लाकूड चिरतं.

नवी खुर्ची बऱ्याचदा रबरवुडची (रबराच्या झाडाच्या लाकडाची), बोल्टने जोडलेली. बोल्ट आवळता येतो, पण स्क्रू एमडीएफमध्ये (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीत) असेल तर भोक झिजून मोठं होतं आणि पकड जाते. नीट प्रक्रिया न केलेल्या रबरवुडला पावसाळ्यात बुरशी आणि कीड लागते. सागाचा गाभा टिकतो, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला किडा लागू शकतो. खुर्ची उलटी करा: बारीक भोकांखाली ताजी पावडर दिसली तर तिथेच सोडा.

गादीखालचे रबरी पट्टे जुने असले तर वाळून तडकलेले असतात. नवे 2 इंची पट्टे साधारण दहा टक्के ताणून ठोकायचे, दोन पट्ट्यांमध्ये पट्ट्याच्या रुंदीपेक्षा जास्त जागा नको, नाहीतर फोम मधून खचतो. बैठकीला 40 डेन्सिटीचा (घनतेचा) फोम, पाठीला 32 चा पुरतो. 18 इंची जेवणाच्या खुर्चीच्या दोन बैठका 54 इंची पन्ह्याच्या 70 सेंटिमीटर कापडात निघतात. स्वस्त पीयू रेक्झिन (नकली चामडं) टाळा, दमट हवेत त्याचे पापुद्रे निघतात. जाड सुती कापड बरं.

म्हणून सांगाडा सागाचा आणि सरळ असेल तर आमचं मत जुनीलाच. एकसारख्या सहा हव्या असतील तर मात्र नवीच घ्या, जुन्या बाजारात पूर्ण सेट क्वचित जुळतो. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर आधी टेप लावा: उठायला 43 ते 45 सेंटिमीटर उंची हवी, तीही गादी दाबून मोजलेली. आरामखुर्च्या बहुधा त्याहून बुटक्या असतात.