मुलांचं आयुष्मान कार्ड, नागपूर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आयुष्मान भारत आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना यांचं एकत्रित कार्ड लहान मुलांसाठी काढून देताना जे दिसलं, ते इथे लिहितो आहोत. योजनेला आमच्याकडून चांगले गुण, कार्ड काढायच्या आयुष्मान ॲपला मध्यम. मुलांच्या कागदपत्रांची व्यवस्था मात्र डोकं फिरवते, आणि पालक मागे हटतात ते बहुतेक तिथेच.

थोडक्यात योजना अशी: एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता, हप्ता शून्य. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांसोबत शुभ्र कार्डवालेही त्यात आले. ५ लाख प्रत्येक मुलाचे वेगळे नाहीत, पूर्ण घराचे मिळून आहेत. हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर नंतर शेजारीण सांगते आणि आपण खोटे ठरतो.

पालक सरळ नकार क्वचितच देतात. टाळतात. "लेकरू तं चांगलं हाय, काहून काढाचं आत्ता?" हे पहिलं. यावर ५ लाखांचा आकडा सांगून काही होत नाही. निवडणुकीतल्या भाषणासारखा तो कानावरून जातो. उपयोगी पडतं ते दवाखान्यातलं चित्र उभं करणं. बाळ आयसीयूत आणि रात्रीचे दोन वाजलेले असताना ओटीपी कोणत्या सिमवर येणार? तो नंबर बापाने बंद केला असेल तर? रेशनकार्डात पोराचं नावच नसेल तर? योजनेत तातडीच्या वेळी फोनवरून नोंद करून ७२ तासांत कागद देण्याची सोय आहे, पण नाव चढवायला ७२ तास पुरत नाहीत. हे ऐकल्यावर आई उठून पेटीतून कागदांची पिशवी काढते.

दुसरं: "मेडिकलमध्ये फुकटच होते ना." अर्धं खरं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, म्हणजे डागा हे महिलांचं सरकारी रुग्णालय त्यात आलं. मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत, ती त्या निर्णयात नव्हती. तिथे मोठी शस्त्रक्रिया, बाहेरून आणायचं साहित्य असा खर्च निघतो आणि कार्ड कामाला येतं.

तिसरं: "आमचं निघालं बाप्पा!" म्हणून जे कार्ड पुढे करतात, ते निम्म्या वेळा आभा असतं. आभाचा क्रमांक १४ अंकी असतो, त्यावर उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. ती फक्त आरोग्य नोंदींची ओळख. आयुष्मान कार्डावरचा क्रमांक ९ अक्षर-अंकांचा असतो. मोजून दाखवा, वाद संपतो.

चौथी भीती खरी आहे: ओटीपी दिला की खात्यातले पैसे जातील. तिला हसू नये. ॲप पालकांच्याच फोनवर घ्यायचं, संदेश त्यांनीच वाचायचा, आकडे त्यांनीच टाकायचे. आपण फोनला हातही लावत नाही म्हटल्यावर ताण उतरतो. आणि कार्डाला शुल्क नाही. प्लॅस्टिकचं छापून देणारा जे घेतो ते त्याच्या छपाईचे.

सर्दी-ताप, ओपीडीची औषधं, बाहेरच्या क्लिनिकची फी यातलं काहीच यात नाही. भरती होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी हे आहे. ही उणीव लपवून कार्ड काढलं तर पहिल्या खोकल्याला आईबाप कार्ड घेऊन जातात, परत पाठवले जातात आणि मग अख्ख्या गल्लीत "काही कामाचं नाही" होतं. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या ज्या घरांत ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आहे, त्यांनी ओपीडीसाठी तिकडेच जावं.

आता कागद. क्रम चुकला की सगळं अडतं. आधी जन्मदाखला, त्यावर बाळाचं नाव हवं. दवाखान्यातून नोंद झालेल्या बऱ्याच दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते. महापालिकेच्या झोनमध्ये ते नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षभरात विनाशुल्क, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मग आधार. ५ वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. घाईत काढलेल्या आधारावर "बेबी ऑफ" आणि आईचं नाव राहून जातं. ते दाखल्याप्रमाणे करून घ्यावं. आईचा किंवा वडिलांचा चालू नंबर तिथेच जोडावा. तिसरं रेशनकार्ड: नाव वाढवायला नमुना ८. जुन्या पुस्तिकेवरचा क्रमांक ॲपला चालत नाही, १२ अंकी ऑनलाइन क्रमांक लागतो आणि तो रेशन दुकानदाराकडे मिळतो.

सर्वांत जास्त फसतं ते ५ ते ७ वयाच्या मुलांचं. ५ वर्षं झाली की ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते. ७ नंतरही ती केली नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकतं आणि केवायसी (कार्डासाठीची ओळख पडताळणी) तिथेच थांबते. १५ व्या वर्षी पुन्हा तेच. पहिलीत घालताना शाळा आधार मागतेच, त्याच आठवड्यात दोन्ही कामं उरकावीत.

ॲपमधलं काम त्यामानाने सोपं. लाभार्थी म्हणून लॉगिन, राज्य आणि जिल्हा निवडून १२ अंकी क्रमांकाने शोध. कुटुंबाची यादी येते. मुलाच्या नावापुढची केवायसी आधार ओटीपीने करावी, चेहऱ्याच्या पडताळणीच्या नादी लागू नये. तान्हं कॅमेऱ्याकडे बघत नाही. फोटो खिडकीजवळ, मागे कोरी भिंत. नाव किंवा जन्मवर्ष जुळलं नाही तर लगेच मंजुरी न येता अर्ज पडताळणीला जातो. "आराध्या"चं स्पेलिंग रेशनकार्डात एक आणि आधारात दुसरं, हे नेहमीचं.

वेळ कोणती निवडायची याला फार महत्त्व आहे. दुपारी आई तयार असते, पण आधारला जोडलेला फोन कंपनीत ड्युटीवर असतो आणि ओटीपी तोवर बाद होतो. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी जावं. घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा असतील तर त्यांच्या वय वंदना कार्डाचं निमित्त करून सुरुवात करावी. त्यासाठी सगळे आधार बाहेर निघालेलेच असतात, पोरांचंही त्याच बैठकीत होतं.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या पालकांना एक मुद्दा आवर्जून सांगा. खासगी पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. इथे पहिल्या दिवसापासून तो आजार ग्राह्य आहे.

दवाखाना निवडताना पाटीवर योजनेचं नाव दिसलं म्हणून आत शिरू नये. एखादं रुग्णालय हाडांच्या उपचारांसाठी नोंदलेलं असतं, बालरोगासाठी नसतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा: या आजाराला, या वयाला, इथे पूर्वमान्यता मिळते का? भरतीनंतर पैसे मागितले तर पावती घ्यावी आणि १५५३८८ किंवा १४५५५ वर तक्रार नोंदवावी. तोंडी भांडणाची कुठे नोंद राहत नाही.

कळमना, वाठोड्याकडे बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली कुटुंबं बरीच आहेत. त्यांना "तुमचं इथे होत नाही" म्हणून परत पाठवतात, ते चूक. ॲपमध्ये राज्य मध्य प्रदेश निवडून तिकडच्या यादीत नाव शोधावं. सापडलं तर ते आयुष्मान कार्ड नागपुरातल्या आयुष्मानशी जोडलेल्या रुग्णालयांत चालतं. फुले योजनेचा भाग मात्र त्यांना लागू नाही, म्हणून रुग्णालयात शिरताना शब्द नीट वापरावा: आयुष्मान.