डब्यातले बाक: कागदाचे की थ्रीडी प्रिंटचे?

मॉडेल रेल्वेच्या १:८७ मापात (खऱ्याच्या ८७व्या भागाएवढा) आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा, डबा साधारण २४५ मिलिमीटर लांब होतो. आत बघायचं ते खिडकीतून, आणि तिथेच निवड ठरते.

स्लीपर डब्यासाठी मी डोळे झाकून कार्डशीट घेतो. खिडक्यांना गज, त्यात आतला अंधार. निळ्या रेक्झिनचा रंग आणि बर्थच्या कडा दिसल्या की काम झालं. ७२ बर्थ कापून, दुमडून चिकटवायचे म्हणजे दोन संध्याकाळी जातात (आणि बोटांना फेविकॉल), पण खर्च जवळपास शून्य आणि डबा हलका राहतो. दमट हवेत कार्ड वाकतं, म्हणून आधी वॉर्निशचा हात द्यावा.

थ्रीडी प्रिंटचा खरा फायदा चेअर कार किंवा डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये. मोठ्या काचा, आत एलईडी. तिथे खुर्चीच्या पाठीची गोलाई कागदाला जमत नाही. प्रिंटच्या रेझिनवर प्रायमर मात्र हवाच, नाहीतर रंग सुटतो. वजनही वाढतं. लांब गाडीत प्रत्येक डब्यात प्रिंटचे बाक भरलेत, तर इंजिन चढावर धापा टाकतं.

प्रवासी? दोन्हीकडे पाय कापूनच बसवावे लागतात!