गच्चीवरच्या लाकडाला पीयू की तेल?

आमचा डेक म्हणजे अर्ध्या गच्चीवर, उघड्या आभाळाखाली टाकलेल्या सागवानी फळ्या. जुनं घर उतरवलं तेव्हा तक्तपोशीच्या फळ्या विकायला जीव होईना. त्याच रंधून घेतल्या आणि वर बसवल्या. त्यांच्यावर मी दोन्ही प्रयोग केलेत, आधी पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर चकचकीत थर धरणारं पॉलिश) आणि मग तेल. कोल्हापुरात कुणी आत्ता याच विचारात असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

दिसण्यात पीयू उजवं, यात वाद नाही. पहिल्या दिवशी रेषा न् रेषा काचेखाली ठेवल्यासारखी दिसत होती. चहा सांडला तर नुसतं फडकं मारायचं. तेलाला ती झळाळी नाही. ओल्या लाकडासारखा गडद रंग येतो आणि तोही वर्षभरात उतरतो. तेल दरवर्षी लावावं लागतं, पीयू काही वर्षं टिकेल असं सांगतात. छपराखाली ते टिकतंही.

माझं गणित फिसकटलं ते खिळ्यांच्या भोकांपाशी. जुन्या फळ्या, त्यामुळे भोकं भरपूर. ती बुजवून वर पीयू मारलं होतं. पहिला पावसाळा सुखाचा गेला. दुसऱ्या वर्षी जुलैत झड लागली, दिवसेंदिवस ऊन नाही, आणि प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढं पांढरं वर्तुळ उमटलं. अंगठ्यानं दाबलं की आत पाणी हलायचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि उन्हात आकसतं. वरच्या थराला तेवढी हालचाल झेपत नाही, मग कुठंतरी बारीक चीर पडते. तिथून पाणी आत शिरतं आणि थराखालीच अडकून बसतं. दिवाळीपर्यंत नखानं कांद्यासारखे पापुद्रे निघायला लागले.

तेवढंही मी सोसलं असतं. पण पॉलिशवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, "एवढ्यापुरतं हुईत न्हाई, सगळंच खरवडाय लागतंय." त्याचं बरोबर होतं. पीयूला ठिगळ लावलं की ते लांबूनही ठिगळच दिसतं. मे महिन्यात मशीन लावून सगळा डेक घासला आणि पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या काकूंच्या कुरडयांवर पिवळट भुकटीचा थर बसला. तो विषय आमच्या गल्लीत अजून मिटलेला नाही.

तेलात हा जाच नाही, कारण सोलायला वर थरच नसतो. एखादी फळी फिकी पडली तर तेवढीच घासायची आणि तेवढ्यावरच तेल फिरवायचं. आता दसरा झाला की ऑक्टोबरच्या उन्हात एका सुट्टीत काम उरकतो. करड्या पडलेल्या फळ्यांना आधी ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी, हातमोजे घालून. लोखंडी खिळ्यांचे काळे डागही त्यानंच जातात. मग भरपूर पाण्यानं धुवून दोन-तीन दिवस खडखडीत वाळवायच्या आणि ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर मारायचा. याहून गुळगुळीत करायच्या नादाला लागू नका, तेल मुरत नाही. हात पातळच द्यायचा, आणि पंधरा-वीस मिनिटांत जे मुरलं नाही ते पुसून काढायचं. नाहीतर चप्पल चिकटते.

तेलातही मी एकदा फसलो. स्वस्तात पडतं म्हणून नुसतं बेलतेल लावलं आणि श्रावणात फळ्यांवर काळे ठिपके आले. बेलतेल म्हणजे जवसाचं तेल, ते बुरशीला खाद्यच. बुरशीनाशक आणि थोडा रंग असलेलं तयार डेक ऑइल घ्यावं. लाकूड करडं पडतं ते उन्हानं, आणि ते ऊन रंगाचे कण अडवतात, पारदर्शक तेल फारसं अडवत नाही. आणखी एक, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. मी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो.

नव्या, बिनभोकांच्या फळ्या असतील आणि वर पत्रा असेल तर पीयूचा अनुभव कदाचित वेगळा येईल, मी नाही म्हणत नाही. दरवर्षी हात लावायचा कंटाळा असेल तर सागवान तसंच करडं होऊ द्यावं, हाही एक मार्ग आहे. रंग गेला म्हणून लाकूड कुजत नाही.

आमच्या घरात मात्र एकमत नाही. बायकोला चकाकीच आवडते. म्हणून उरलेलं पीयू सोप्यातल्या झोपाळ्याला मारलं. तिथं पाऊस येत नाही, आणि तो अजून आरशासारखा आहे, हे ती मला अधूनमधून दाखवते.