नवेगावबांधच्या काठावर कॅराव्हॅनचा मुक्काम : जागा उत्तम, सांडपाण्याची सोय अपुरी

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांध तलावाच्या गावाकडील बाजूस, एका शेतकरी कुटुंबाने आपल्या उंचवट्यावरच्या धानाच्या बांध्या सपाट करून कॅराव्हॅन (आत राहण्याची सोय असलेली गाडी) आणि तंबूंसाठी मुक्कामाचा तळ तयार केला आहे. तळाला अद्याप नावाची पाटी नाही. नागपूरहून येताना मुंबई-कोलकाता महामार्गावरील कोहमारा येथे दक्षिणेकडे वळावे लागते. पुढचा रस्ता लांब गाडीलाही पुरेसा आहे, मात्र शेवटचा शेतरस्ता इतका अरुंद आहे की समोरून ट्रॅक्टर आल्यास आपल्यालाच गाडी मागे घ्यावी लागते. त्यामुळे उजेड असतानाच पोहोचावे.

गाडी उभी करण्याच्या जागेवर या कुटुंबाने मनापासून मेहनत घेतलेली दिसते. धानाच्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो आणि अवकाळी पावसाच्या एका सरीनंतरही जड गाडीची चाके रुततात. येथे मात्र मुरमाचा जाड थर टाकून तो चांगला दाबला आहे आणि पाणी वाहून जाण्यापुरताच उतार ठेवला आहे. गॅसवर चालणारा फ्रीज गाडी तिरकी असल्यास नीट थंड होत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सपाटीचे मोल कळेल. प्रत्येक जागेजवळ १६ अँपिअरचे सॉकेट आहे आणि अर्थिंग व्यवस्थित आहे. परिसरातील कृषिपंप सुरू झाले की विजेचा दाब उतरतो, म्हणून त्या वेळी वातानुकूलन यंत्र चालवू नये. हिवाळ्यात त्याची गरजही पडत नाही.

खरी उणीव सांडपाण्याची आहे. टाकी भरून घेण्यासाठी विहिरीचे स्वच्छ पाणी हवे तेवढे मिळते, पण आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी सोडण्यासाठी केवळ एक उघडी नाली आहे, आणि ती उताराने तलावाच्याच दिशेने जाते. गाडीतील शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय तर अजिबात नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात कॅराव्हॅन उभ्या करण्याच्या ठिकाणी पाणी आणि विजेइतकेच सांडपाण्याच्या व्यवस्थेलाही स्थान आहे. परंतु धोरणात नसते तरीही या ठिकाणी तो प्रश्न पहिला ठरला असता. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगितले जाते तो हा तलाव सुमारे ११ चौरस किलोमीटरचा आहे, आणि तो पर्यटकांच्या डोळ्यांसाठी नव्हे, तर सिंचनासाठी बांधला गेला. आजही त्याच्या पाण्यावर धान पिकते, ढिवर समाजातील कुटुंबे येथे मासेमारी करतात, आणि हिवाळ्यात येणारी बदके पाण्याखालच्या वनस्पतींवर जगतात. साबणातील फॉस्फेट आणि खरकट्यातील नत्र अशा साचलेल्या पाण्यात उतरले की शेवाळ व तण माजते आणि माशांच्या व पक्ष्यांच्या उपयोगी वनस्पती त्याखाली दबतात. एका गाडीचे पाणी थोडे असते हे खरे. पण ही नाली प्रत्येक गाडीसाठी आहे आणि सुट्टीच्या दिवसांत तळ भरलेला असतो.

पहाटेच्या वेळी येथे राहण्याचा आनंद मात्र निर्विवाद आहे. सभोवती डोंगररांगा, धुक्यातून हळूहळू दिसू लागणारे पाणी, आणि चक्रवाक व तलवार बदकांचे थवे. हे सारे गाडीच्या दारात बसून पाहता येते. गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातील सारसांच्या अखेरच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे, त्यामुळे धानाच्या शेतांकडेही दुर्बीण वळवावी. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. जंगल इतके जवळ असताना तळावर रात्री मोठे दिवे व ध्वनिवर्धक लावू दिले जात नाहीत, हा नियम मला फार आवडला. अन्न उघड्यावर ठेवू नये, विशेषतः मोहफुले गळण्याच्या दिवसांत, कारण त्या फुलांसाठी अस्वले रानाबाहेरही फिरतात.

जेवण आधी सांगितल्यास घरातून येते. तांदळाची भाकर, पोपटाच्या (वालाच्या जातीच्या) शेंगांची भाजी आणि तलावातल्या मासळीचा झणझणीत रस्सा असा बेत होता. त्यातला रस्सा एवढा सरस होता की गाडीतला गॅस पेटवण्याची इच्छाच झाली नाही.

एका गाडीचे रात्रीचे शुल्क ८०० रुपये आहे आणि वीज त्यातच धरलेली आहे. सांडपाण्याविषयी मी मालकांशी सविस्तर बोललो. तलावाच्या विरुद्ध बाजूला, विहिरीपासून पुरेशा अंतरावर, शोषखड्डा आणि शौचालयाच्या टाकीसाठी वेगळी सेप्टिक टाकी बांधण्याची सूचना त्यांनी मान्य केली आणि पावसाळ्यापूर्वी काम करण्याची तयारीही दाखवली. ते होईपर्यंत येथे येणाऱ्यांनी घरून निघताना गाडीतील सांडपाण्याची आणि शौचालयाची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या करून याव्यात, फॉस्फेटविरहित साबण वापरावा, मुक्काम टाक्यांच्या मापाने ठरवावा, आणि भरलेल्या टाक्या परत नेऊन घरच्या सेप्टिक टाकीतच रिकाम्या कराव्यात.