पावसाआधीचं शिबिर: मेस्त्री आला, पार्ट आला नाही

मेच्या शेवटच्या रविवारी आमच्या गाड्यांच्या कंपनीने चिपळुणात रायडर्ससाठी मोफत तपासणी शिबिर घेतलं. मी गुरांची डॉक्टर. वेळणेश्वर, हेदवी, पालशेत, आबलोली अशा गुहागर तालुक्यातल्या गावांतून माझं रोजचं फिरणं असतं. वर्षाला चौदा-पंधरा हजार किलोमीटर सहज होतात आणि त्यातले बरेचसे पावसात. गाडी चारशे सीसीच्या आसपासची, उंच, कच्च्या रस्त्यावर चालणारी. शिबिराला सकाळी आठला पोचले ती संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव घालत नाही. माझं मागणं सगळ्याच कंपन्यांकडे आहे.

हे शिबिर का झालं ते आधी सांगायला हवं. गेल्या जुलैत रात्री साडेअकराला हेदवीहून फोन आला, "गाय अडलीय, बेगीन या." वासरू आडवं होतं. निघाले, आणि शृंगारतळीच्या पुढे गाडी बंद पडली. न्यूट्रलमध्ये चालू व्हायची, गिअर टाकला की बंद. मी आमच्या रायडर्सच्या ग्रुपवर मेसेज टाकला. वीस मिनिटांत आमच्यातला एक जण, एसटीत ड्रायव्हर आहे तो, पालशेतहून आला आणि त्याच्या मागे बसून मी हेदवी गाठली. वासरू जिवंत निघालं. सकाळी त्यानेच माझ्या गाडीचा दोष शोधला. साइड स्टँड खाली असताना गिअर पडला तर इंजिन बंद करणारा एक छोटा स्विच असतो. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्याने दोन वायरी जोडून दिल्या आणि गाडी घरी आली.

नवा स्विच मिळायला तेवीस दिवस लागले. वर सर्व्हिस सेंटरने सुनावलं की वायरिंगला हात लागला, आता त्याची वॉरंटी गेली. मला राग आला, तो त्या स्विचच्या किमतीचा नव्हता. ज्या माणसाने रात्री मदत केली, त्याचं काम ‘छेडछाड’ म्हणून जॉबकार्डावर लिहिलं गेलं होतं.

आमचा ग्रुप कोणी हौसेने काढलेला नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा शेकडो दुचाक्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोक पहिलं काय करत होते, तर बटण दाबून गाडी चालू होते का बघत होते. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तेव्हा चार-पाच जण गल्लीगल्लीतून "बटण दाबू नका" सांगत फिरले. प्लग काढायचा, पाणी बाहेर काढायचं, दुधाळ झालेलं ऑइल दोन-तीनदा बदलायचं, एअर फिल्टर टाकून द्यायचा. त्यातून ओळखी झाल्या. आज आम्ही एकतीस जण आहोत. आंब्याचा बागायतदार आहे, बँकेतली कॅशियर आहे, दाभोळच्या फेरीवर काम करणारा एक जण आहे.

माझ्या स्विचच्या प्रकरणानंतर आम्ही सगळ्यांच्या गाड्यांचे दोष एका वहीत लिहून काढले. कोणता पार्ट, किती किलोमीटरला, कोणत्या महिन्यात, गाडी समुद्रापासून किती लांब उभी असते. अकरा जणांचा तोच स्विच गेलेला निघाला. ती वही स्कॅन करून कंपनीला पाठवली. पाच महिने उत्तर नाही, मग एरिया मॅनेजरचा फोन आला आणि त्यातून हे शिबिर ठरलं.

आता शिबिराबद्दल. कंपनीने पुण्याहून दोन टेक्निशियन पाठवले होते, आणि ते दोघे अप्रतिम होते. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-सहा नियम लागू झाल्यापासून आमच्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर राहिला नाही, ते काम आता गाडीतला कॉम्प्युटर बघतो. पूर्वी मार्गताम्हाण्याचा मेस्त्री कार्ब्युरेटरचं जेट फुंकून गाडी रस्त्याला लावायचा. आता त्याच्याकडे बिघाडाचा एरर कोड वाचायचं यंत्र नाही, आणि कंपनी ते त्याला देत नाही. या दोघांनी प्रत्येक गाडीला यंत्र लावलं आणि आलेला कोड मालकाला मराठीत समजावून सांगितला. माझ्या ब्रेक फ्लुइडमध्ये पेनासारखा टेस्टर बुडवला तर लाल दिवा लागला. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि मग लांब उतारावर तापून उकळतं. कुंभार्ली घाट उतरताना माझा मागचा ब्रेक मऊ का पडतो ते मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षांनी बदलायचं ते मी चार वर्षं वापरत होते, आणि एकाही सर्व्हिसिंगमध्ये मला कोणी बोललं नव्हतं.

दुपारी त्यांनी कनेक्टर उघडून साफ कसे करायचे आणि सिलिकॉन ग्रीस कुठे, किती लावायचं ते शिकवलं. स्टिअरिंगचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, उघडून दाखवला. जांभ्याची लाल माती आत जाऊन ग्रीसचा गिलावा झाला होता. आमच्या एसटीवाल्याने ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना जाम होऊ नयेत म्हणून तो काय करतो ते सांगितलं, तर त्यातल्या एकाने वही काढून लिहून घेतलं. दिवसभरातलं मला सर्वांत आवडलेलं दृश्य हेच.

जे खटकलं तेही लिहिते. पहिले दोन तास फलक, टी-शर्ट आणि फोटोत गेले. एकतीस गाड्यांना दोन माणसं, म्हणजे एका गाडीला जेमतेम पंचवीस मिनिटं. आणि पार्ट एकही आणला नव्हता. सात गाड्यांचे स्विच खराब निघाले, चिठ्ठी मिळाली, स्विच मिळाला नाही. मी मॅनेजरना विचारलं तर ते म्हणाले, स्टॉक ठेवणं डीलरचं काम. डीलर म्हणाले, पैसे अडकतात. दोघांचंही खरं असेल. मग कंपनीने जूनआधी स्विच, क्लच केबल, ब्रेक पॅड, चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएस ब्रेकचा सेन्सर एवढी एक पेटी डीलरकडे ठेवावी आणि विकलं जाईल त्याचेच पैसे घ्यावेत. टी-शर्टांच्या खर्चात एक पेटी नक्की बसते.

रायडर्सना कंपनीने आधार द्यावा का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये मालकांचा ग्रुप स्वतः काढला. रॉयल एनफिल्ड २००४ पासून ‘हिमालयन ओडिसी’ ही हिमालयातली राइड काढते, गोव्यात रायडर्सचा मेळावा भरवते (पूर्वी ‘रायडर मेनिया’, २०२३ पासून ‘मोटोव्हर्स’). त्यातून माणसं जोडली जातात, याबद्दल मला आदर आहे. पण २०२० मध्ये हार्लेने हरियाणातला बावलचा कारखाना बंद केला तेव्हा इथल्या मालकांना पहिली काळजी पार्टची आणि सर्व्हिसची पडली. हिरो मोटोकॉर्पबरोबर करार झाला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. माझं मत स्पष्ट आहे: आधार द्यायलाच हवा. आमच्या वहीत जी माहिती आहे ती कंपनीच्या कोणत्याही टेस्ट ट्रॅकवर मिळणार नाही, कारण तिथे चार महिने असा पाऊस आणि बाराही महिने खारा वारा नसतो. ती आम्ही फुकट दिली. बदल्यात पार्ट, शिक्षण आणि आमच्या गावच्या मेस्त्र्याला कोड वाचायचं यंत्र मिळावं. ग्रुपच्या नावात मात्र कंपनीचं नाव घालायला मी ‘नको’ म्हणाले. मॅनेजरनी पाच राइड्सचा नाश्ता आणि पेट्रोल देऊ केलं होतं. ते घेतलं असतं तर हा परिच्छेद लिहिताना माझा हात अडखळला असता.

पाचपैकी साडेतीन. टेक्निशियनना पाच, नियोजनाला दोन.

पुढचं शिबिर नारळी पौर्णिमेनंतर शृंगारतळीला घेऊ, असा शब्द मॅनेजरनी दिला आहे. जाणार असाल तर गाडी आदल्या दिवशी धुऊन न्या, चिखलाखाली कनेक्टर दिसत नाहीत. गाडी कधी, कुठे, किती पावसात बंद पडली ते लिहून न्या. आणि सकाळी लवकर नंबर लावा. हेदवीचे ते गायवाले आता स्वतः त्याच कंपनीची गाडी घेतायत. त्यांना मी वहीचं पहिलं पान झेरॉक्स करून दिलंय.