पोर्तुगीज पद्धतीने स्टार स्टिच: सपाट विणावी, गोल विणावी की आतली बाजू समोर ठेवून?

पोर्तुगीज पद्धतीत लोकर मानेवरून किंवा डाव्या खांद्याजवळच्या पिनमधून येते, आणि डाव्या अंगठ्याच्या एका झटक्यात उलट टाका तयार होतो. सुलट टाका त्या मानाने हळू पडतो. म्हणून उठावाचा नमुना निवडताना आधी हे पाहावं: त्यात उलट किती आहे, आणि सुलट-उलट सारखं बदलावं लागतं का?

स्टार स्टिच, म्हणजे छोट्या चांदण्यांसारख्या उठावाची वीण, या हिशेबात छान बसते. एकूण टाके 4 च्या पटीत, वर 1. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी: 1 उलट, मग (स्टार, म्हणजे 3 टाके एकत्र उलट, पण डाव्या सुईवरून न सोडता, सुईवर एक वेढा, त्याच 3 टाक्यांत पुन्हा 3 एकत्र उलट; मग 1 उलट), असं शेवटपर्यंत. तिसरी सुलट. चौथी: 3 उलट, मग स्टार आणि 1 उलट असं करत जायचं, शेवटी 2 उलट.

सपाट विणल्यास ओळी निम्म्या सुलट, निम्म्या उलट. स्वेटरच्या पाठीला ठीक, पण दोन्हींचा ताण वेगळा पडतो आणि कापडावर आडव्या पट्ट्या दिसतात. आधी 25 टाक्यांचा नमुना करा. सुलट ओळी सैल असतील तर त्या ओळींसाठी अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या.

गोल, बाहेरची बाजू समोर ठेवून हा सगळ्यात कमी फायद्याचा पर्याय. साध्या फेऱ्या सुलट आणि स्टारही सुलट, म्हणजे पोर्तुगीज पद्धत निवडल्याचं काहीच हाती लागत नाही.

गोल, आतली बाजू समोर ठेवून मात्र प्रत्येक फेरी उलट! टोपी, मफलर-कॉलर, बाही यांसाठी हाच निवडावा. इथे टाके नुसते 4 च्या पटीत घ्या, जादा 1 नको. स्टार फेरीत फक्त (स्टार, 1 उलट). प्रत्येक स्टार फेरीआधी 2 टाके जास्त विणून सुरुवातीची खूण पुढे सरकवा, म्हणजे चांदण्या आपोआप मधल्या जागी येतात. खूण सरकत राहते, त्यामुळे टाके कमी-जास्त करायची जागा दुसऱ्या खुणेने धरा. दुसरा एखादा नमुना चार्टवरून असा विणायचा असेल तर प्रत्येक फेरी डावीकडून उजवीकडे वाचा, सुलटचं उलट आणि उलटचं सुलट करा. केबल (टाके एकमेकांवरून ओलांडून पाडलेला पीळ) असेल तर 'समोर धरा' ही सूचना तशीच राहते. पीळ पालथा केला तरी त्याची दिशा बदलत नाही.

काय बिघडतं? बहुतेक वेळा वेढा. लोकर सुईवरून मागे, खालून पुन्हा पुढे, असा पूर्ण फिरला पाहिजे. अर्धवट राहिला तर स्टारमधून 3 ऐवजी 2 टाके निघतात, आणि ते ओळ संपल्यावरच कळतं. दर चांदणीनंतर उजव्या सुईवरचे 3 मोजा. दुसऱ्यांदा 3 एकत्र घेताना सुई शिरत नसेल तर मानेवरचा ताण जास्त आहे: उजव्या बोटाची पकड सैल करा, टोकदार सुई घ्या, आधीची साधी ओळ जरा मोकळी विणा. टाका पिळलेला दिसला तर सुईवर त्याचा कोणता पाय (फासाची बाजू) पुढे आहे ते बघा. डावा असेल तर मागच्या पायातून विणा.

मॉस स्टिचचा (एक सुलट, एक उलट अशी आलटून-पालटून वीण) विचार असेल तर? ती दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे पालथी करून काही वाचत नाही. दर टाक्याला सुलट-उलट बदलताना लोकर उजव्या सुईवर आडवी पडून फुकटचे वेढे वाढतात. पोर्तुगीज पद्धत नुकतीच शिकत असाल तर तिच्याआधी स्टार घ्या.